मैत्रिणीला स्तनाचा कॅन्सर निघालाय? सोलापुरात राहून सोबत कशी करायची

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या घरी इतकी सफरचंदं जमली, की तिच्या सासूबाईंनी शेवटी त्यांचा मुरंबा घातला. चौथ्या केमोला तिच्याबरोबर रिक्षात बसायला कोणी नव्हतं. नवरा यंत्रमागावर पाळीला, मुलाची परीक्षा, आणि आम्ही मैत्रिणी "काही लागलं तर सांग गं" म्हणून मोकळ्या झालेल्या. ती काय सांगणार होती?

त्या दिवसानंतर जे शिकले ते इथं लिहितेय. हा आजार पंधरा दिवसांत आटपणारा नाही. केमो, ऑपरेशन, रेडिएशन असं सगळं लागलं तर आठ-दहा महिने सहज जातात. काही जणींना इंजेक्शनं वर्षभर चालतात, आणि पुष्कळ जणींना गोळ्या पाच ते दहा वर्षं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळा उत्साह संपवू नका.

१. एक काम उचला

"काही लागलं तर सांग" हे बोलणंच बंद करा. त्याऐवजी ठरलेलं काम सांगा. "दर केमोला मी येणार", "मंगळवार-शुक्रवारचा डबा माझा", "फाइल आणि योजनेची कागदपत्रं माझ्याकडे". आमच्या गटातल्या एकीनं फक्त एवढंच सांगितलं, की नळ येईल त्या दिवशी पाणी भरायला मी येते. सोलापुरात पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा तासा-दोन तासांत घरातली सगळी भांडी भरायची असतात, आणि कधी कधी तेही रात्री उशिरा. आजारी बाईच्या डोक्यावर हेच सगळ्यात मोठं ओझं असतं हे आम्हा बाकीच्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. वर्षभरात सगळ्यात उपयोगी पडलेली मदत कुठली, असं विचाराल तर मी तीच सांगेन.

कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे तिला ठरवू द्या. अजूनही कित्येक घरांत "पोरीचं लग्न जमायचंय, गल्लीत बोलू नका" असं असतं. चूक की बरोबर हा वाद नंतर घाला. तिनं सांगितलेली चार माणसं सोडून पाचव्याला तुमच्या तोंडून कळता कामा नये.

आणि कृपा करून "माझ्या आत्याला पण हाच झालेला" अशी सुरुवात असलेली एकही गोष्ट तिला सांगू नका. आत्या आज ठणठणीत असली तरीही.

२. फाइल लावा

एक जाड फाइल घ्या, प्लास्टिकचे कप्पे असलेली. कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एकाच ठिकाणी ठेवा. बिलं वेगळ्या कप्प्यात.

सगळ्यात महत्त्वाचा कागद बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा. त्यानंतर त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी होते, तिला डॉक्टर आयएचसी म्हणतात. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन गोष्टी बघतात. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, म्हणजे पुढे गोळ्यांचा उपयोग होणार. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर वेगळी, महागडी इंजेक्शनं लागतात. तिन्ही निगेटिव्ह असतील तर केमोवर भर जास्त. पुढचा उपचार आणि खर्च किती, याचा अंदाज या एका कागदावरून येतो, म्हणून तो आल्याशिवाय कोणाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. हर-टूच्या पुढे २+ लिहिलं असेल तर उत्तर अर्धवट आहे. फिश नावाची आणखी एक तपासणी करून घ्यावी लागते.

इथं माझ्या हातून एक घोळ झाला. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरीकडे मत घ्यायला गेलं तर तिथले डॉक्टर नुसत्या रिपोर्टवर भागवत नाहीत, ब्लॉक आणि काचा (त्याच तुकड्याच्या स्लाइड) मागतात. मी रिपोर्ट घेऊन मुंबईला पोचले आणि ब्लॉक इथल्या लॅबमध्ये पडलेले. एक फेरी वाया, शिवाय वर आठवडा गेला. तुम्ही निघायच्या आधी लॅबमध्ये सही करून ब्लॉक आणि काचा ताब्यात घ्या आणि पिशवीत वेगळे गुंडाळून न्या.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न वहीत लिहून न्या. आत गेल्यावर सगळं विसरायला होतं. तिला विचारून, परवानगी घेऊन, उत्तरं तुम्ही लिहा. ती तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर हा प्रश्न केमोच्या आधी विचारायचा असतो, नंतर नाही. डॉक्टर आपणहून बोलतीलच असं नाही आणि घरातल्यांसमोर ती विचारेलच असंही नाही.

३. पैशाची वाट आधी शोधा, सोनं नंतर मोडा

घाबरलेलं घर पहिल्या दिवशी काय करतं? पाटल्या काढतं. थांबवा. सोनं तारण ठेवायचं किंवा मोडायचं ते सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर.

पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. त्यामुळे इथल्या दवाखान्यांना तिची जुनी सवय आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि पूर्वीसारखं पिवळं-केशरीच हवं असं राहिलेलं नाही, पांढरं रेशन कार्डही चालतं. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस टेबल लावून बसलेला असतो. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटलात तरी चालेल. अडलं तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मागायची सोय नाही. "आज सुरू करू, कागद मागाहून बघू" असं कोणी म्हणालं तर त्या सलाइनचं बिल तुमचं. दुसरं, मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, म्हणून निदान होईपर्यंतच्या तपासण्या बहुतेक वेळा खिशातूनच जातात. तेवढी रक्कम बाजूला धरा.

आमचं घोडं अडलं ते नावावर. आधारवर सासरचं नाव, रेशन कार्डावर तिचं नावच नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ते माहेरच्या कार्डावरून कमी करून इकडे चढवायचं राहून गेलेलं. पुरवठा कार्यालयाच्या चकरा, सेतूची रांग, यात आठ दिवस गेले. रिपोर्ट यायची वाट बघता तेव्हाच आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं, स्पेलिंग, जन्मतारीख जुळतात का बघा. उत्पन्नाचा दाखलाही तहसीलमधून त्याच वेळी काढून ठेवा, पुढे तीन ठिकाणी लागतो.

दुसरा दरवाजा कामाचा. घरात कोणी कारखान्यात किंवा गारमेंटमध्ये असेल आणि पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल, तर बायकोचे उपचारही त्यात बसतात. ही सोय महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना आहे. ती स्वतःच कामाला असेल आणि दोन वर्षांची नोकरी व पुरेशी वर्गणी भरलेली असेल, तर कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारात पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हे मालक सांगत नाही, विचारावं लागतं. आणि विडी वळणाऱ्या बायकांनो, तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र शोधून काढा. कामगार कल्याण निधीतून कॅन्सरच्या उपचाराला मदत मिळते. आपल्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात आणि ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडलेलं असतं. युनियनच्या कार्यालयात विचाराल तर अर्ज कुठे द्यायचा ते सांगतात.

तिसरा दरवाजा धर्मादाय दवाखान्यांचा. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. बिलाच्या काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा अधीक्षक किंवा समाजसेवक कुठे बसतात ते विचारा, अर्ज त्यांच्याकडे असतो.

योजनेत न बसणारा उपचार असेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कक्ष आहे. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट असं सगळं जोडावं लागतं, आणि मंजूर रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात जाते. मेडिक्लेम असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि दाखल व्हायच्या आधीच्या तपासण्यांची बिलंसुद्धा जपा.

हर-टूची इंजेक्शनं लागणार असतील तर आरोग्यमित्राला औषधाचं नाव घेऊन विचारा, "ट्रास्टुझुमॅब बसतं का, किती वेळा?" ती दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर चालतात. भारतीय कंपन्यांची इंजेक्शनं मूळ परदेशी इंजेक्शनापेक्षा स्वस्त मिळतात, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारायला लाजू नका. एरवीही कॅन्सरच्या जेनेरिक औषधांची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत भलताच फरक असतो. दोन-तीन मेडिकलमध्ये विचारा, पक्कं बिल घ्या.

आता कोणी न सांगणारी गोष्ट. मी वहीत हिशेब ठेवला होता. योजनेत बसल्यावर दवाखान्याचं बिल जवळपास नव्हतंच, पण पैसा जात राहिला. रिक्षा, बाहेरचं जेवण, योजनेत नसलेल्या रक्ततपासण्या, ताकदीच्या पावडरी, नवऱ्याचे खाडे. हा खर्च कुठलीच योजना भरत नाही आणि मैत्रिणी भरू शकतात त्या इथंच. आमची बारा जणींची भिशी होती. चिठ्ठी न टाकता पहिला नंबर तिला दिला. दान घेतल्यासारखं तिला वाटलं नाही, कारण पुढचे हप्ते ती भरणारच होती. (भरलेही. दोनदा उशिरा, पण त्याची चर्चा कोणी केली नाही.)

४. कुठे जायचं

सोलापुरात ऑपरेशन आणि केमोची सोय सरकारी आणि खासगी दोन्हीकडे आहे. बार्शी इथून साधारण ७० किलोमीटर, तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्या भागातल्या लोकांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. मुंबईत परळला टाटा. "टाटाला गेलं की झालं" ही आपल्याकडची समजूत मला अर्धीच पटते. दुसरं मत घ्यायला, उपचाराचा आराखडा लिहून आणायला जरूर जा. पण दर तीन आठवड्यांनी ८ केमो मुंबईत घेणं म्हणजे खोलीभाडं, गर्दी आणि घराची आबाळ. आराखडा तिथला, सलाइन इथलं, असं डॉक्टरच पुष्कळदा सुचवतात.

जायचं ठरलं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी दादरला उतरता येतं, परळ तिथून जवळ. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्यानं ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो आणि तिकीट स्टेशनवरच्या खिडकीवर काढावं लागतं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहायची सोय होते, पण जागेची खात्री आधी करा. बार्शीला एसटीनं जाणार असाल तर बायकांना अर्धं तिकीट आहेच.

५. केमोचे दिवस

आदल्या रात्री पिशवी भरा. फाइल, पाण्याची बाटली, चादर (खोली थंडगार असते, बाहेर सोलापूर तापलेलं असलं तरी), साधी बिस्किटं, मोबाइलचा चार्जर. सुई टोचल्यावर हाताला जळजळ झाली किंवा सूज आली तर "होईल कमी" म्हणू नका, नर्सला तिथल्या तिथं हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी खराब करतात. पहिल्या चार केमोंत पुष्कळदा लाल रंगाचं औषध असतं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे तिला आधी सांगा, नाहीतर रात्री रक्त पडतंय म्हणून फोन येईल. आम्हाला आला होता.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते सहसा केमोनंतर एका दिवसानं द्यायचं असतं, आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मे महिन्यात मेडिकलमधून हातात घेऊन चालत येऊ नका. थर्मासात बर्फाच्या पिशवीसोबत आणा, पण इंजेक्शन बर्फाला थेट चिकटवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आता. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की ती आणीबाणी. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघणं म्हणजे जिवाशी खेळ, गोळीनं ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढतो. तिच्या उशाशी चालणारा थर्मामीटर ठेवा. उपचार बार्शीला किंवा मुंबईला असतील तर रात्री दोन वाजता सोलापुरात कुठल्या दवाखान्यात जायचं, हे पहिल्या केमोच्या आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे एकदा ही वेळ आली, बारा वाजून गेलेले, आणि त्या कागदामुळे वाद न घालता आम्ही निघालो.

याच दिवसांत गर्दी टाळायची. जानेवारीत केमो असेल तर गड्ड्याची यात्रा यंदा टीव्हीवर. पाणी उकळून, साठवणीचं पाणी झाकून.

जेवणाचं बोलायचं तर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी या काळात शत्रू. तोंडात फोड आलेले असतात, कडक भाकरीचा तुकडा सुरीसारखा लागतो. मऊ भाकरी दुधात कुस्करून, ज्वारीची आंबील, मुगाची खिचडी, नीट शिजवलेलं अंडं, घट्ट वरण असं द्या. थोडं थोडं, चार-पाच वेळा. पथ्य म्हणून घरातल्यांनी अंडी, दूध, डाळ बंद केली असेल तर डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना सांगायला लावा, तुमचं कोणी ऐकणार नाही. आणि कोणीतरी काढा, मुळी, पानांचा रस घेऊन येणारच. अपमान न करता बाटली ठेवून घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. केमोच्या औषधांशी काय भांडेल आणि लिव्हरवर काय येईल ते आपल्याला कळत नाही.

केस दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा आधीच आखूड कापलेले बरे, असं माझं मत. पण निर्णय तिचा. आपल्याकडे बाईच्या केसांशी काय काय जोडलेलं आहे ते तुम्हाला सांगायला नको. माझी मैत्रीण पदर घेऊन वावरायची आणि म्हणायची, "सासूबाई खूश आहेत, अठरा वर्षांत पहिल्यांदा डोक्यावर पदर टिकला."

६. ऑपरेशन आणि नंतरचा हात

गाठ लहान असेल किंवा केमोनं लहान झाली असेल तर पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नाही. नुसती गाठ काढून रेडिएशन देता येतं. "काढून टाका एकदाचं" असं घर म्हणत असलं तरी हा पर्याय डॉक्टरांना विचारायला तिला मदत करा.

घरी येताना बहुतेक वेळा नळी आणि डबी लावलेली असते. त्यात रोज किती पाणी जमलं ते मोजून लिहायचं, हे मैत्रिणीला सहज जमतं. त्या बाजूचा हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगतात, पण तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासूनच. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढे कायम असते. घट्ट बांगड्या काढायच्या, रक्त दुसऱ्या हातातून द्यायचं, भाजलं-कापलं तर दुर्लक्ष नको. आणि घागर उचलायची नाही. पाण्याच्या दिवसाची मैत्रीण आता आणखी महत्त्वाची.

७. रेडिएशन, म्हणजे आपल्या भाषेत लाइट घेणं

आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटंच, बाकी सगळा प्रवास. इथं एकट्या माणसाला पुरं पडत नाही, तेव्हा वार वाटून घ्या आणि तक्ता तिच्या घरी लावा. छातीवर केलेल्या खुणा पुसायच्या नाहीत, त्या भागावर पावडर, हळद, लेप काही नाही, सैल सुती कपडे. बाकी फारसं काही नसतं. दमणूक असते.

८. गोळ्यांची वर्षं

हार्मोनची गाठ असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोज एक गोळी सुरू होते. स्वस्त असते, जनऔषधी केंद्रात विचारा. पण याच टप्प्यावर सगळे पांगतात. केस परत आलेले असतात, ती कामाला लागलेली असते, आणि अंगातून गरम वाफा निघतात, सांधे दुखतात म्हणून एक दिवस गोळी चुकते, मग आठवडा. तिनं त्रासाला कंटाळून गोळी बंद केली असेल तर ओरडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळी बदलता येते. सुरुवातीची काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. तारखा तुमच्या मोबाइलमध्येही टाका.

मी महिन्याच्या एक तारखेला फोन करते. "पाकीट आणलंस का?" एवढंच विचारते. ती "आणलं गं बाई" म्हणते आणि मग आम्ही भिशीबद्दल बोलतो.